मत दिल्याशिवाय पुढचं पान नाही

भाताच्या गिरणीत कोंडा कसा साठतो ते ज्याने पाहिलंय, त्याला किस्से कसे साठतात ते वेगळं सांगायला नको. सकाळी झाडून काढावा, तर दुपारी पुन्हा घोट्यापर्यंत आलेला असतो. मुरबाडच्या गिरणीत मी काट्यावर होतो, तेव्हा आमच्या वाचनाच्या बैठकीचे किस्से असेच साठले. त्यातले मूठभर इथे देतो. माणूस काट्यावरचा आहे, वजनात थोडं इकडंतिकडं होणार, हे धरूनच चाला.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आगेमागेची गोष्ट. दुपारी गिरणीचं इंजिन थंड व्हायला बंद ठेवावं लागे. तेवढ्या वेळात शाळेतले गुरुजी आमच्या ओट्यावर बसून कादंबरी वाचून दाखवत. पुस्तकं कल्याणच्या लायब्ररीतून मोटारीने येत. गुरुजींना संसाराच्या कादंबऱ्या आवडत नसत. "संसार घरी आहेच," म्हणायचे. त्यांना लागत त्या चंद्रावर जाणाऱ्या, पाताळात शिरणाऱ्या, माणसं गडप करणाऱ्या.

गुरुजींचा नियम एकच आणि तो कडक. ज्याने ऐकलं त्याने मत द्यायचं. सगळ्यांची मतं झाल्याशिवाय पुढचं पान नाही. "नुसतं ऐकून उठून जायला हे काय कीर्तन आहे?" असं त्यांचं म्हणणं.

ओट्यावर आम्ही पुरुष. दादा पाटील, इंजिनवाला महादू, मी आणि भात भरडायला आलेले दोघे-चौघे. महादूची बायको बायजा आत, पोत्यांच्या थप्पीमागे कोंडा पाखडत असे. ती तिथूनच ऐकायची. महादू आपलं मत द्यायचा, मग आत डोकं घालून यायचा आणि म्हणायचा, "ती म्हणते..." बायजेची एकच इच्छा होती, ओट्यावर बसून ऐकायचं. महादूने ती एकदा सांगितलीही. पाटील म्हणाले, "बायका वट्यावर बसल्या तं आमी काय पोत्यामागं बसायचं?" विषय तिथेच मिटला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

*

एका कादंबरीत एक माणूस कपाळाला मलम लावतो आणि दिसेनासा होतो. गुरुजींनी मतं मागितली.

पाटील म्हणाले, "मलम कुठं मिलतं तेवढं लिवलं असतं तं पुस्तक बरं झालं असतं." पाटलांच्या मागे तेव्हा दोन वसुलीवाले लागले होते.

मी म्हणालो, "आमच्या आजोबांकडे होतं असं मलम. पण डबीलाच लागलं, त्यामुळे ती डबी अजून सापडलेली नाही."

गुरुजींनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मत धरलं.

महादू आत जाऊन आला. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ती म्हणते, दिसेनासा होणारा नवरा काय नवा नाय. पाणी भरायची येल झाली का सगलेच होतात. मलम पन लागत नाय."

ओटा हसून लोळला. महादूला आपण काय निरोप आणला ते घरी पाणी भरताना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा दुखत होता.

*

मग आली शंभर वर्षं पुढे नेणाऱ्या यंत्राची कादंबरी. गुरुजी रंगात येऊन वाचत होते. शंभर वर्षांनी माणसं आकाशातून गाड्या हाकतील, कल्याणहून मुरबाडला डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचतील.

पाटलांनी विचार केला. "म्हंजे रस्ता तवापन होनार नाय म्हना."

महादूची तक्रार वेगळी होती. "यंत्र चालतं कशावर? तेलावर का कोलशावर?"

गुरुजी म्हणाले, "ते लेखकाने दिलेलं नाही."

"पट्टा कुठं हाय? चाक किती इंचाचं?"

"तेही नाही."

"मग ते चालत नाय," महादू म्हणाला आणि पाठ फिरवून बसला. पुस्तक संपेपर्यंत तो तसाच बसून ऐकायचा. मत विचारलं की भिंतीकडे बघून सांगायचा, "यंत्र बंद हाय."

*

त्यानंतरच्या पुस्तकात एका बेटावर रेड्याएवढ्या मुंग्या होत्या. मी वैशाखरे गावाकडे उधारी आणायला गेलो, तेव्हा जिभेला खाज सुटली. तिथल्या मंडळींना सांगितलं की तशा मुंग्या सिद्धगडच्या रानात उतरल्यात, मी स्वतः पायांचे ठसे बघितले. वाटलं होतं, घाबरतील.

आठवड्याने सिद्धगडाच्या पायथ्याचा एक शेतकरी गिरणीत आला. भात ओट्यावर टाकलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मुंग्या बघितल्या ते तुमीच ना? एक जोडी मिलंल काय? औंदा बैल लय महाग झालेत."

तो म्हणाला, "लगेच नको. लावनीच्या चिखलनीआदी मिलली तरी चालंल." आणि समाधानाने भरडलेले तांदूळ घेऊन गेला.

हा किस्सा मी ओट्यावर सांगितला, तर महादू आत जाऊन मत घेऊन आला. "ती म्हणते, मुंगीला जुंपायची गरज नाय. नांगर तिच्याजवल ठेवायचा नि आपन बाजूला व्हायचं."

पाटील म्हणाले, "बाई चांगलं बोलते रे."

महादूने तेही आत पोचवलं. आतून कोंडा पाखडायचा आवाज थांबला. मग महादू बाहेर आला आणि म्हणाला, "ती म्हणते, मग वट्यावर बसू काय?"

पाटलांनी तंबाखू मळायला घेतली. इतकी मळली, इतकी मळली की शेवटी हातात नुसती धूळ उरली.

*

आता चंद्राच्या पुस्तकाचं सांगतो.

त्यात एक जण स्वतः बांधलेल्या यंत्रात बसून चंद्राकडे निघालेला. ओटा इतका भरायचा की नवी माणसं काट्याच्या पारड्यात बसायची. एके दिवशी गुरुजींनी वाचलं, यंत्राचं दार उघडलं आणि तो बाहेर पडला. खाली पृथ्वी, वर चंद्र, मध्ये हा. प्रकरण संपलं.

सगळ्यांनी भराभर मतं दिली. नेहमीची कुरकुर नाही, काही नाही. महादू आत गेला आणि लांब चेहऱ्याने बाहेर आला.

"ती काय बोलत नाय."

"म्हणजे?" गुरुजी म्हणाले.

"मत देत नाय. म्हणते, वट्यावर बसवाल तं देईन."

गुरुजींनी पुस्तक मिटलं.

पाटील उसळले. "ती वट्यावर बसत नाय, म्हंजे बैठकीत नाय. तिचं मत धरायचंच कशाला?"

"आजवर धरली ती मतं कोणाची?" गुरुजींनी विचारलं.

"ती महादूची."

"माजी नाय हो," महादू घाईने म्हणाला. "मी तं यंत्राच्या पुढं कदी गेलोच नाय."

गुरुजी म्हणाले, "ज्याने ऐकलं त्याने मत द्यायचं. ती ऐकते. नियम मी पाटलांसाठी मोडला नाही, महादूसाठी मोडला नाही, तिच्यासाठीही मोडणार नाही." आणि छत्री घेऊन शाळेत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गावभर सत्याग्रहाची हवा होतीच, ती आता पोत्यांमागेही शिरली. तो बिचारा चंद्र आणि पृथ्वीच्या मध्ये लोंबकळत राहिला. एरवी भात असेल तरच गिरणीत येणारे पाटील आता रिकाम्या हाताने यायचे. "बोलली काय रे?"

"घरी बोलते. पुस्तकावर नाय बोलत."

शेवटी मीच एक युक्ती केली. महादूला एक मत पढवलं आणि सगळ्यांसमोर सांगायला लावलं. महादू म्हणाला, "ती म्हणते, पुस्तक छान हाय, भाषा गोड हाय, बोध घेन्यासारखा हाय."

गुरुजींनी पुस्तकाला हातही लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं मत झालंय आधीच."

पाटलांनीसुद्धा मान हलवली. "छ्या. हे तिचं नाय."

त्या दुपारी पाटील उठले, आपली घोंगडी गुरुजींच्या शेजारी सरकवली, झटकली, नीट घातली आणि आत तोंड करून म्हणाले, "ये गो बायजे. बस हितं. त्या मानसाला खाली तरी उतरव, नायतं वर तरी घाल."

बायजा आली. पदराला कोंडा, केसांत कोंडा. पदर झटकून घोंगडीवर बसली. गुरुजींनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं बायजाबाई, मत?"

"मत मागाहून देते," बायजा म्हणाली. "आदी पयल्या पानापासून वाचा. पोत्यामागं निम्मं आयकूच येत नवतं. बाकीचं मी आपलं मनानं लावायची."

गुरुजी एकदा तिच्याकडे आणि एकदा पुस्तकाकडे बघत राहिले. "पण पुस्तक तर परवा परत जायचंय."

"कल्यानला कलवा," पाटील म्हणाले, "म्हनावं, पाटलाकडं हाय." आणि घोंगडी गेल्यामुळे उघड्या फरशीवरच मांडी घालून बसले.

गुरुजींनी पहिलं पान काढलं. तेवढ्यात महादू उठला आणि पोत्यांच्या मागे जाऊन बसला. "हितनं काय आयकू येतं ते बगतो," म्हणाला.

वाचन सुरू झालं. पान उलटलं, दुसरं उलटलं. बायजा हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "गुरुजी, जरा मोट्यानं."