राखणीचा कोंबडा

भेटलात की आधी तुमच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावणार, मग विचारणार, "ताप नाही ना?" आमच्या लालबागच्या चाळीतल्या डॉक्टरांची ओळख हीच. पोस्टमनसुद्धा यातून सुटला नाही. कुणाला राग यायचा नाही. त्यांची बायको लग्नाच्या वर्षीच कोकणात हिवतापानं गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

परळच्या एका प्रयोगशाळेत ते हिवतापावर लस शोधत होते. मी तिथंच टायपिस्ट. प्रयोग कोंबड्यांवर चालायचे. त्यांनाही त्यांचा वेगळा हिवताप होतो. पिंजऱ्यांच्या वासानं माझ्या घशाखाली घास उतरत नसे, आणि हे गृहस्थ पिंजऱ्याशी बसून खुशाल चिवडा खायचे! एका पिंजऱ्याला औषधात मारलेले जंतू टोचलेले, दुसऱ्याला किरणांनी अर्धमेले केलेले. मग दोन्हींवर रोगी डास सोडायचे.

"मेलेल्याची शरीर काय ओळख ठेवणार?" ते म्हणत. "थोडा तरी जिवंत हवा, रे."

प्रयोगशाळेच्या साहेबांना तो आगीशी खेळ वाटे. मेलेल्या जंतूंचा पिंजरा सगळा रिकामा झाला. अर्धमेल्यांचाही होत आला. एक तांबडा कोंबडा तेवढा उभा राहिला. तो पुन्हा डास चावूनही जगला, तरच साहेब काम पुढं चालू देणार होते.

नेमकं तेव्हाच संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. गोळीबार, संचारबंदी, प्रयोगशाळेला कुलूप. डॉक्टरांनी कोंबडा टोपलीत झाकून घरी आणला आणि गॅलरीत बांधला.

शेजारच्या मालवणी काकूंचा मुलगा मोर्चाला गेला तो परतलाच नव्हता. काकूंनी राखण द्यायची ठरवली, म्हणजे घरच्या माणसाला सांभाळ म्हणून राखणदार देवाला कोंबडा. बाजार बंद. राखणीला कोंबडा लागला तर शेजाऱ्याचा उचलायचा, मागाहून दुसरा आणून द्यायचा, ही आमच्या चाळीची रीत. संचारबंदी जराशी उठली तेव्हा डॉक्टर त्या तांबड्यासाठीच दाणे आणायला गेले होते.

संध्याकाळी मुलगा आला, डोक्याला पट्टी बांधून. काकू वाटी घेऊन डॉक्टरांच्या दारात. "भाऊनू, तुमच्या कोंबड्यान माझो झील राखल्यान!"

मी तिथंच होतो. डॉक्टर दाणे घेऊन नुकतेच परतलेले. डॉक्टरांनी रिकाम्या दोरीकडे पाहिलं, वाटी घेतली, रस्सा ओठाला लावला. "आला ना? बरं झालं."

काकू गेल्यावर मी भडकलो. "अहो, तिला सांगायचं तरी!"

"काय सांगू? आमच्या हिच्या तापात मीही राखण दिली होती. तेव्हा नाही राखलं त्यानं." आणि ते हुंदके देऊन रडले.

साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, "कोंबडा गेला." पिंजरे धुऊन माळ्यावर टाकले. त्यानंतर पहाटे कुठं कोंबडा आरवला की डॉक्टर दार उघडून गॅलरीत येत, दोरी बांधायच्या गजाला हात लावून बघत. मला फार भीती वाटायची. पुढच्या वर्षी तेही गेले.

बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं, परदेशात किरणांनी अर्धमेल्या केलेल्या जंतूंनी माणसांना हिवतापापासून वाचवलं. तसाच पेपर घेऊन धावलो, डॉक्टरांच्या दारावर थाप मारली, आणि मग भान आलं.

दार काकूंच्या मुलानं उघडलं. खोली आता त्याची. कडेवर लेक.

"काय काका, काय झालं?"

काय सांगणार होतो त्याला? पोर माझ्याकडं बघून हसली. मी पेपर पाठीमागे धरला.