ताईने कापलेली ओळ

आमच्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या काकांना परवा मोबाइलवर सोळाव्या वर्षीचं लाडकं गाणं सापडलं. लगेच सोबत गाऊ लागले, पण दुसऱ्या कडव्यात गाणं एकीकडे आणि काका भलतीकडे! त्या वर्षी नव्याकोऱ्या कॅसेटची टेप गुंतली, तेव्हा काकांच्या ताईने खराब तुकडा कापून नेलपॉलिशने जोड दिला होता. त्यात गेलेली ओळ काकांनी आजवर ऐकलीच नव्हती.

ताईशी वर्षभर अबोला होता. आधी कोण बोलतंय याची वाट बघण्यात दोघंही पटाईत. तरी काकांनी फोन लावला आणि काही न बोलता गाणं वाजवलं. पलीकडे ताई गुणगुणू लागली, आणि नेमकी तिथेच उडी मारून पुढे गेली.

“ताई, मधे एक ओळ आहे गं!”

“असू दे. आपल्या गाण्यात नाही. जेवायला कधी येतोस, शहाण्या?”