सजा झालेला ड्रायव्हर

"पोरगा मेहनती हाये जमादारसाहेब. पन सजा झालेला हाये. मी काऊन खोटं बोलू?"

मालक ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. जमादार शेजारी चहा पीत होता. एसटीत ड्रायव्हरच्या जागेवर माझी निवड झाली होती. गाडी चालवून दाखवली, पास झालो, फक्त वर्तणुकीची चौकशी राहिली होती. त्यासाठी पोलीस ठाण्याचा जमादार गावात आला होता. मी ओट्याखाली उन्हात उभा. ज्यांचा ट्रक मी इतकी वर्षं चालवला, तेच माझी वर्तणूक सांगत होते.

"कशाची सजा?" जमादारानं विचारलं.

"बेफाम गाडी चालवली. गाडीवानाचा हात मोडला यानं." मग माझ्याकडं पाहून, "हाव का नाही बे?"

ओट्यावरची माणसं हसली. मी म्हणालो, "हाव, मालक."

त्या 'हाव'ची मला आजही किळस येते.

खरं काय झालं होतं ते सांगतो. कापसाचा हंगाम होता. चिखलीच्या जिनिंगला ट्रक जायचा. ब्रेक धरत नव्हता. मी मालकांना सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. "हंगाम होऊ दे, मंग पाहू," एवढंच उत्तर. उंद्रीच्या अलीकडं उतारावर ब्रेक गेला आणि ट्रक बैलगाडीवर चढला.

कोर्टात मालकांचे वकील आले. मी ब्रेकचं सांगायला लागलो, तर त्यांनी मला गप्प केलं. "ते बोलशील तर मालक अडकतील. तू गुन्हा कबूल म्हण. दंड ते भरतील. दंड भरला की विषय मिटला." मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बौद्धवाड्यातल्या पोराच्या खांद्यावर, चारचौघांत! मी भाळलो. मूर्खासारखा भाळलो. न्यायाधीशांनी विचारलं, मी कबूल म्हणालो. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. एवढीच कैद. कोर्ट उठलं, मीही उठलो. मला वाटलं, सुटलो.

एसटीचा नकार आला. आमच्या घरात कोणाला कधी पगाराची नोकरी नव्हती. माझ्या आईनं तर माझ्या खाकी कपड्यांची बात साऱ्या वाड्यात करून ठेवली होती. ती त्यानंतर कित्येक दिवस विहिरीवर बायकांची गर्दी सरल्यावर जायची. आणि मी? मी परत त्याच मालकांच्या गाडीवर. सजा झालेल्याला दुसरं कोण ठेवणार?

मग धाकल्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, जीप माणसाच्या अंगावर घातली. सुट्टीत घरी आले होते. मला बाजूला बसवून स्टेअरिंग हाती घेतलं. रस्त्याच्या कडेनं एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. तिची कंबर मोडली.

त्याच दिवशी वकिलांच्या घरी बैठक बसली. मला दाराशी उभं केलं होतं. धाकल्या मालकांचा फौजदाराच्या नोकरीसाठी अर्ज गेला होता. वकील मालकांना समजावत होते, "काही झालं तरी पोरानं कबूल म्हणायचं नाही. एकदा सजा लागली की ती पुसत नाही. जन्माचं नुकसान आहे."

मी ऐकत होतो. हाच वकील. हेच तोंड. म्हणजे यांना ठाऊक होतं. मला कोर्टात उभं केलं, त्या दिवशीही ठाऊक होतं. खांद्यावरचा तो हात मला गप्प बसवायला होता.

मालक माझ्याकडं वळले. आवाज अगदी मायेचा. "जीप तू चालवत होतास म्हणजो. तुह्या नावावर एक हायेच. अजून एकानं तुले काय फरक पडते?"

भिजलेल्या माणसाला पाण्याची अजून एक खेप आणायला सांगावी, तसं बोलले.

"पडते," मी म्हणालो. "लय फरक पडते. जीप धाकले मालक चालवत होते. म्या बाजूले बसून पाह्यलं."

"जास्त बोलून राह्यला बे तू!"

वकील हसले. "बोलू द्या. सजा झालेला माणूस आहे. याची साक्ष कोण मानणार?"

मी तिथून निघालो तो सरळ ठाण्यावर गेलो. ओट्यावर चहा प्यालेला तोच जमादार होता. जबाब लिहून घेताना दोनदा म्हणाला, "इचार कर." मी म्हणालो, "लिहा." काम त्याच दिवशी सुटलं. आता गावात मला कोणी गाडी देत नाही. निंदणी-खुरपणीची मजुरी करतो.

खटला अजून उभा राहायचा आहे. मी साक्षीला उभा राहिलो की तो वकील माझी सजा बाहेर काढणार. मला खोटं पाडायला त्याच्याकडं तेवढं एकच आहे. काढू दे. ती सजा कशी झाली, ब्रेक कोणी दुरुस्त करू दिला नाही, कबूल म्हणायला कोणी शिकवलं, हे मी त्याच कोर्टात, त्याच्या तोंडावर सांगणार आहे.