पोट माझं, कळ सासूची

या सदरात चिंचेवरच्या बाया आणि मागून वाजणारे पैंजण यांच्या गोष्टी येतात, त्या मी चिडतच वाचते. माझे वडील शाळामास्तर. भूत, करणी, अंगात येणं... त्यांनी यातलं काहीच घरात शिरू दिलं नाही, मीही दिलेलं नाही. तरी माझ्याबाबतीत जे झालं ते झालं. पटलं नाही तर सोडून द्या, मला कोणाची मनधरणी करायची नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. माझं सासर मूलजवळच्या खेड्यात, घरी धानाची शेती. लग्नानंतर लवकरच माझं पोट बिघडलं. जेवलं की फुगायचं, आतून पीळ पडायचा, मग उलटी. दिवसेंदिवस शौचाला व्हायचं नाही. पार काडी झाले होते. सासू मात्र चारचौघांत म्हणायची, "धानाचे रोवणे आले का हिचं पोट दुखते. ढोंग करून राह्यली." एकदा मी अंगणात ओकत होते, तर ती वरून म्हणाली, "झालं असन तं भांडे घास."

शेवटी नवऱ्यानं आईचं न ऐकता मला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि नीट समजावलं. आतड्याचा एक तुकडा आवळून अरुंद झालाय, खाल्लेलं तिथेच अडतं. औषधानं ते सुटणार नाही. तेवढा भाग कापायचा आणि दोन्ही तोंडं एकमेकांना शिवायची.

"जगन ना ते?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही केलं तर नक्की जगणार नाही," डॉक्टर म्हणाले.

सकाळी मला टेबलावर घेतलं. नाकावर ईथरची जाळी आली. गोडसर, मळमळवणारा वास... पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा बेंबीच्या उजव्या बाजूला मोठी पट्टी होती. आणि दुखत नव्हतं. अजिबात नाही. शेजारच्या खाटेवरची बाई हर्नियाच्या ऑपरेशननं कण्हत होती, मी मात्र छताकडे बघत पडलेली. डॉक्टरांनी टाक्यांच्या कडेनं दाबून पाहिलं. "काही जणांची सहनशक्ती दांडगी असते," म्हणाले. मला रागच आला. सहन करायला काही असावं तर लागतं ना!

दुसऱ्या दिवशी माझी थोरली जाऊ मोटारीनं चांद्याला आली, नवऱ्याला घरी न्यायला.

"भाऊजी, आत्याबाईचं काई खरं नाई," ती सासूबद्दल म्हणाली. "काल सकाळी धान पाखडता पाखडता खाली पडल्या. म्हणे, मले चिरून राह्यले. बेंबीच्या उजव्या अंगाले हात दाबून धरला होता. पाहाले गेलो तं अंगावर ओरखडाबी नाई. अन् सारखं म्हणे, हा गोड वास कायचा येऊन राह्यला?"

माझी चीर कुठे आहे हे घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. ईथरचा वास तर सासूनं जन्मात घेतला नव्हता.

टाके निघाल्यावर मी घरी आले. सासू ओट्यावर बसलेली, चेहरा उतरलेला. उठली नाही. "आपलं दुखणं माह्यावर टाकलं हिनं," ती नवऱ्याला म्हणाली. "हिले हिच्या बापाकडे पोचवून दे." त्यानं ते मनावर घेतलं नाही. गावानंही मला पाण्यात पाहिलं. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलून बाजूला होत.

डॉक्टरांनी मऊ भात, ताक, थोडं थोडं खा असं बजावलं होतं. पण एका दुपारी राहवेना. मी जवसाची तिखट चटणी आणि लाखोरीची डाळ भरपूर ओरपली. मला काही झालं नाही. आतल्या खोलीत सासू मात्र पोट धरून गडबडा लोळली. उठली तशी सरळ चुलीपाशी आली आणि माझ्या ताटात डोकावली.

तेव्हापासून माझं जेवण तिच्याच हातचं. गुरगुट्या भात, ताक. समोर बसून घासन् घास बघायची, डोळ्यांत नुसता विखार. मिरचीचं गाडगं तिनं कुलपात ठेवलं. शेजारणी म्हणायच्या, सुनेले किती जपते. जपत होतीच, दातओठ खात जपत होती.

पुढे मी दोन-तीन डॉक्टरांना हे सांगितलं. एक हसला, एकानं मला झोपेच्या गोळ्या दिल्या. योगायोग म्हणावा तर इतक्या वर्षांचा कसा?

सासू गेली ती म्हातारपणानं. शेवटच्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. वाटलं, काही गोड बोलेल. ती म्हणाली, "आता तुह्यं पोट तूच सांभाळ," आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेराव्याला मी पंगतीत वांग्याची झणझणीत भाजी खाल्ली. ताटावरून उठताच बेंबीच्या उजव्या बाजूला अशी कळ आली की खांब धरून खाली बसले. ऑपरेशननंतरची पहिली कळ.