काच फोडा, साहेब

आभाळ भरून आलं आणि वर विमानाची घरघर ऐकू आली, की चाचा हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवून दारात यायचे. ढगांकडे बघत हळूच म्हणायचे, "काच फोडा, साहेब." मग मुकाट्यानं परत कामाला.

पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती. चिकलठाण्याच्या विमानतळावर मी हवामानाच्या नोंदी घ्यायचो. चाचा विमानातली काट्यांची यंत्रं दुरुस्त करायचे. एखादं वेड कुणाला नसतं? आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण खरं सांगतो, ढगाळ दिवशी मला त्या दाराकडे बघवत नसे.

दुसरं वेड पिशोर गावचं. वर्षातून एकदा इस्त्रीचा पायजमा घालून पिशोरच्या एसटीत बसायचे आणि अर्ध्या वाटेत उतरून दुपारच्या आत परत. "काय चाचा, नवरीनं नकार दिला का?" आम्ही चिडवायचो.

"आज नाय जमलं, भाऊ."

एका दुपारी त्यांनी मला उंची दाखवणारं यंत्र उघडून दाखवलं. आत पातळ पत्र्याची बंद डबी, काट्याला जोडलेली.

"विमानाच्या कुशीत बारीक भोक असतं. तिथून बाहेरची हवा ह्यात येती. वर गेलं की हवा पातळ, डबी फुगती, काटा चढतो. भोकच बुजलं तर डबीला काय कळणार? विमान चढतंय, आन् काटा जमिनीवरच."

"मग पायलटनं करायचं काय?"

"यंत्राची काच फोडायची. विमानातली हवा आत शिरती, काटा सुटतो." एवढं बोलून ते रडायलाच लागले.

मग सगळं सांगितलं. पूर्वी ते दुसऱ्या गावच्या विमानतळावर होते. विमान धुताना पाणी जाऊ नये म्हणून त्या भोकावर त्यांनी चिकटपट्टी लावली, आणि काढायची विसरले. पायलट पिशोरचा, आईला एकुलता एक. ढगात शिरल्यावर तो रेडिओवर बोलू लागला, तेव्हा चाचा खाली रेडिओच्या खोलीतच उभे होते. खिशात पट्टीचं रीळ. दोन शब्द सांगायचे होते. पण सांगितलं असतं तर पट्टी कुणी लावली तेही उघड झालं असतं. ते गप्प राहिले. विमान डोंगरावर आदळून जळालं, पट्टीही जळाली. काटा का अडकला ते सापडलं नाही, चौकशीत चूक पायलटची ठरली.

मला त्यांचा संताप आला. दयाही आली. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत एसटीत बसलो आणि वाटेत उतरू दिलं नाही.

पिशोरला पायलटची म्हातारी आई ओसरीवर तूर निवडत होती. चाचांनी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी माझं लेकरू चुकलं नव्हतं."

"नाय, माय."

"शेवटाला काय बोललं?"

चाचा तिच्यासमोर खाली बसले. "साहेब म्हणाले, काटा हलंना. ह्याच्या हिशेबानं मी अजून तुमच्यापाशीच उभा हाय."

"व्हय," ती अगदी सहज म्हणाली. "हाय की. त्या खांबापाशी बसलाय. आता त्याला सांगा, माझं ऐकून झालं."

चाचा खांबाकडे वळले, हात जोडले आणि बोलू लागले. मधेच थांबायचे, कान द्यायचे, मान हलवायचे, पुन्हा बोलायचे. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्याच हिवाळ्यात चाचा गेले. पिशोरला कळवायला मीच गेलो. मी तोंड उघडायच्या आत म्हातारी खांबाकडे बघून म्हणाली, "सरक रं जरा. चाचालाबी टेकू दे."