शंख आहे, गोगलगाय नाही

सरांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता आणि तो वाढत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मभर समुद्री गोगलगायी ओळखणाऱ्या माणसाच्याच वाट्याला हे यावं, याचा मला इतका संताप यायचा की डोंबिवलीत त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी एखाद्या तरी रिक्षावाल्याशी भांडून घ्यायचे.

ठाण्याच्या कॉलेजात सरांनी मला प्राणीशास्त्र शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर तिथेच मी शिकवायला लागले. कोलशेतच्या खाडीकाठी चिखलात मला तीन शंख मिळाले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. शेवटच्या वेढ्यावर एकाऐवजी दोन उंच रेघा. तेव्हा सरांना बरं दिसायचं. होती नव्हती ती पुस्तकं उलथीपालथी करून ते म्हणाले, "ही कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसत नाही." पण तिन्ही शंख रिकामे. "आमच्या वेळी नुसत्या शंखावर भागायचं. आता आतला जीवही बघावा लागतो. एक जिवंत आण, मला थोडंफार दिसतंय तोवर. तिचं डोकं मला काढायचंय." चित्रं सर स्वतःच काढत. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मग मी ओहोटी बघून कोलशेतला जायला लागले. गुडघाभर चिखल, हातात चाळणी, चाळणीत निर्माल्य आणि गुटख्याच्या पुड्या. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. मला उंदीरही मिळत नव्हता. "नाही सापडली तर काय बिघडणारे?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आणि एका सकाळी चाळणीतला दोन रेघांचा शंख चालला. चक्क चालला! खाडीच्या पाण्यासकट तो बरणीत घेतला, सरांना फोन केला आणि चिखलाच्या पायांनी तशीच डोंबिवली गाठली.

सर पेन्सिलींना टोकं काढून तयार होते. सूक्ष्मदर्शकाला त्यांनी डोळा लावला, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"नुसतं धुकं आहे गं. तू बघ. तू सांग, मी काढतो."

मी डोळा लावला. शंख गप्प पडून होता.

"आली का बाहेर?"

"येईल, सर."

मग तोंडाशी काहीतरी हललं. पाय होते. सांध्यासांध्यांचे, केसाळ. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण मी आजवर माणसांना लावत आले. इथे खरेच पाय निघाले. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा इवलासा खेकडा होता तो.

"शिंगं कशी आहेत? आखूड की लांब?" पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"सर, खेकडा आहे."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "शंख पांढरा पडलाय? चुन्यासारखा?"

"नाही, सर. चकाकी आहे. कडाही शाबूत आहेत."

"म्हणजे परवापरवापर्यंत जिवंत होती," सर म्हणाले आणि पेन्सिली गोळा करायला लागले. डबा उजवीकडे होता, ते डावीकडे चाचपत होते. मी डबा त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला.