दोघींमधलं अंतर

वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करताना माझा प्रबंध विजेवर होता. वीज पडून माणसं दगावली तिथे जायचं आणि वाचलेल्यांना विचारून फॉर्म भरायचा. आसेगावला त्या बाई अशाच भेटल्या. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, म्हणून मी विचारलंही नाही.

साठीच्या असतील. सुपात तूर निवडत होत्या. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनमधलं गवत निंदताना वीज पडली, शेजारच्या पातीतली, म्हणजे निंदायला वाटून घेतलेल्या ओळीतली, जाऊ जागीच गेली आणि या वाचल्या, हे त्यांनी हात न थांबवता सांगितलं. तेव्हापासून एकाच कानाने ऐकू येतं, म्हणून मान कायम तिरकी.

"तुम्हा दोघींत अंतर किती होतं?" मी पुढचा प्रश्न वाचला.

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला अंगणात आणलं. "तुमी अथी उभे राहा. हे मी." मग चार पावलं चालून त्या खाली वाकल्या. "अन् हे माही जाऊ."

मी टेप लावली. आठ फूट भरलं.

"झालं, मावशी. या आता."

त्या वाकलेल्याच राहिल्या. "तुमी शिकेल मानूस. आठ फुटात ते गेली अन् मी राह्यली, हे कसं?"

ओली माती, जमिनीतून पसरणारा प्रवाह, सगळं मी समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असन तसं," त्या म्हणाल्या. "पन ते पात माही होती. गवत लय होतं, म्हून तिनं घेतली."

फॉर्मवर अजून सहा प्रश्न होते. मी ते विचारले नाहीत.